लहान मिररलेस कॅमेरा निवडताना: आधी लेन्स, मग हात, शेवटी बॉडी

सिंहस्थ जवळ येतोय तसे नाशिकमध्ये कॅमेऱ्याची चौकशी करणारे वाढले आहेत. बहुतेकांच्या अपेक्षा दोनच असतात. फोटो मोबाइलपेक्षा स्पष्टपणे चांगला यावा आणि कॅमेरा दिवसभर गळ्यात असला तरी मान-मनगट दुखू नये. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत, आणि आजच्या लहान मिररलेस (आत आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यांत त्या एकत्र पूर्ण होतात. अडचण येते ती निवडीच्या क्रमात. दुकानात गेल्यावर आपण आधी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बघतो, तिचे मेगापिक्सेल विचारतो, बजेटचा मोठा भाग तिथेच संपवतो आणि सोबत मिळेल ती किट लेन्स घेऊन घरी येतो. हा क्रम उलटा करावा, असं माझं ठाम मत आहे. फोटोचा दर्जा सर्वांत जास्त लेन्स ठरवते, आणि कॅमेरा वापरात राहणार की कपाटात जाणार हे हात ठरवतो.

पहिली पायरी: काय टिपायचं आहे ते लिहून काढा

कागद घ्या आणि पुढच्या वर्षभरात खरोखर काढाल असे पाच प्रकारचे फोटो लिहा. ‘सगळंच’ असं लिहू नका. उदाहरणार्थ: घरातली मुलं आणि सणवार, रामकुंडावरची संध्याकाळ, पांडवलेणी किंवा अंजनेरीची चढण, पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूचे धबधबे, हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरचे पक्षी. प्रत्येकापुढे तीन गोष्टी नोंदवा. उजेड किती असतो, समोरचं हलतं की स्थिर असतं, आणि तुम्ही तिथवर कसे पोचता: गाडीने, दुचाकीवर की पायी.

या यादीतून बरंच काही आपोआप कळतं. घरातले आणि घाटावरचे फोटो जास्त असतील तर कमी उजेडात चालणारी लेन्स हवी. हरिहरच्या खड्या दगडी पायऱ्या चढायच्या असतील तर दोन्ही हात मोकळे लागतात आणि कॅमेरा छातीशी घट्ट बसेल एवढाच असावा लागतो. यादीत पक्षी पहिल्या क्रमांकावर असतील तर मात्र ‘लहान’ या शब्दाचा नव्याने विचार करावा लागेल. त्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरी पायरी: सेन्सरचा फरक आकड्यांत समजून घ्या

लहान मिररलेसमध्ये तीन आकाराचे सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) भेटतात. फुलफ्रेम ३६ × २४ मिमी. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी, कॅननचा त्याहून थोडा लहान, २२.३ × १४.९ मिमी. आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिमी. क्षेत्रफळाने फुलफ्रेम हा एपीएस-सीच्या सुमारे २.४ पट आहे. छायाचित्रणाच्या भाषेत हा फरक सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). म्हणजे एपीएस-सीवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ला जेवढा नॉइज, म्हणजे रवाळपणा, दिसतो, तेवढा फुलफ्रेमवर ढोबळमानाने आयएसओ ७५०० च्या आसपास दिसेल.

फरक खरा आहे, पण तो कुठे दिसतो तेही बघा. भर उन्हात गंगापूर धरणाच्या काठावर काढलेला फोटो तिन्ही सेन्सरवर उत्तम येतो. कस लागतो तो अंधारात, किंवा एकाच चौकटीत गडद आणि लख्ख भाग एकत्र आले की. काळाराम मंदिराचा काळा पाषाण आणि त्यामागचं दुपारचं आकाश हे याचं चांगलं उदाहरण. आकाश सांभाळून फोटो घेतला तर दगड जवळजवळ काळाठिक्कर येतो. रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) तो भाग नंतर उजळता येतो. मोठ्या सेन्सरवर उजळलेला भाग अधिक स्वच्छ राहतो. तरी सध्याचे एपीएस-सी सेन्सरही हे काम समाधानकारक करतात, आणि जेपीजीवरच थांबलात तर मोठ्या सेन्सरचा हा फायदा बराचसा वाया जातो.

मेगापिक्सेलबद्दल थोडक्यात. आपल्याकडे अल्बममध्ये चालणारी १२ × १८ इंची प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढायची तर ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे १९.४ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० × ४००० देतो. एवढं पुरतं. ४० मेगापिक्सेलचा उपयोग खूप क्रॉप करणाऱ्यांना होतो. त्याबरोबर फाइल जड होतात आणि लेन्सची उणीवही ठळक दिसू लागते.

माझा कौल असा: लहान आकार ही खरी गरज असेल तर एपीएस-सी हा सर्वांत समतोल पर्याय आहे.

तिसरी पायरी: पैसे लेन्सवर ठेवा

इथे थोडा वेळ थांबा, कारण सगळ्या लेखात याहून महत्त्वाचं काही नाही.

रामकुंडावरच्या गोदाआरतीचा प्रसंग घ्या. पुजाऱ्याचे हात हलताहेत, दिव्यांची ज्योत हलते आहे. हात स्पष्ट यायला शटर स्पीड (शटर उघडं राहण्याचा वेळ) निदान १/१२५ सेकंद लागतो. किट लेन्स पूर्ण झूम केली की कॅनन आणि निकॉनच्या बाबतीत ॲपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) एफ/६.३ पर्यंत खाली येतं. कॅमेरा नाइलाजाने आयएसओ ६४०० वर जातो आणि चेहऱ्यावर रवाळपणा येतो. तिथेच त्याच बॉडीवर एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स लावली, तर सेन्सरवर सुमारे १२ पट प्रकाश पडतो. आयएसओ ६४०० ऐवजी ५०० च्या आसपास काम भागतं.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. लेन्सचं ॲपर्चर तेवढंच ठेवून एपीएस-सीवरून फुलफ्रेमवर गेलात तर फायदा २.४ पट. बॉडी तीच ठेवून किटवरून एफ/१.८ वर गेलात तर १२ पट. शिवाय दुसरा मार्ग वजनाने हलका असतो आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडतो. म्हणून एकूण बजेटचा निम्म्याच्या जवळपास भाग लेन्ससाठी राखून ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगतो. त्यासाठी बॉडी एक पायरी खालची घ्यावी लागली तरी घ्या.

एफ/१.८ च्या मर्यादाही जाणून घ्या. एपीएस-सीवर ५० मिमी लेन्सने दोन मीटरवरच्या माणसाचा फोटो एफ/१.८ वर काढला, तर फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम ११-१२ सेंटिमीटर असते. एका चेहऱ्यासाठी ती छान आहे. पण हळदीकुंकवाला ओळीत बसलेल्या सगळ्याजणी स्पष्ट हव्या असतील तर एफ/४ किंवा ५.६ वर यावंच लागेल, मग उजेड वाढवा किंवा आयएसओ.

कोणती लेन्स? रोजच्या वापरासाठी एपीएस-सीवर २३ ते ३५ मिमीमधली एक प्राइम घ्या. २३-२४ मिमी खोलीत, गल्लीत, घाटाच्या पायऱ्यांवर सोयीची. ३५ मिमी माणसांसाठी. सोनीची ३५ मिमी एफ/१.८ जेमतेम १५४ ग्रॅम, फूजीफिल्मची ३५ मिमी एफ/२ सुमारे १७० ग्रॅम, निकॉनची २४ मिमी एफ/१.७ सुमारे १३५ ग्रॅम. कॅननची ५० मिमी एफ/१.८ वजनाने १६० ग्रॅम, पण एपीएस-सीवर ती फुलफ्रेमवरच्या ८० मिमीसारखी दिसते. पोर्ट्रेटला सुरेख, दिवाणखान्यात मात्र पाठ भिंतीला टेकते. एकच झूम हवी असेल तर सिग्माची १८-५० मिमी एफ/२.८ बघा. जवळपास २९० ग्रॅममध्ये सर्व टप्प्यांवर एफ/२.८ मिळतं, आणि सोनी, फूजीफिल्म व कॅनन या तिन्ही माउंटसाठी (बॉडीला लेन्स जोडायच्या कड्यासाठी) ती येते.

यातूनच माउंटचा प्रश्न सुटतो. बॉडी चार-पाच वर्षांनी बदलाल, लेन्स मात्र सोबत राहतात. लहान एपीएस-सी लेन्सची निवड सोनी आणि फूजीफिल्मकडे सर्वांत मोठी आहे. कॅननने २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला एपीएस-सी लेन्स बनवायची मुभा दिल्यापासून तिथलीही परिस्थिती बरीच सुधारली. निकॉनच्या स्वतःच्या लहान लेन्स मोजक्याच, पण चांगल्या आहेत.

चौथी पायरी: वजन बॉडीचं नव्हे, जोडीचं मोजा

जाहिरातीत बॉडीचं वजन मोठ्या अक्षरांत असतं. गळ्यात मात्र बॉडी आणि लेन्स दोन्ही लटकतात. सोनीची फुलफ्रेम ए७सी टू ५१४ ग्रॅमची, तर एपीएस-सी ए६७०० ही ४९३ ग्रॅमची. बॉडीत फरक जवळजवळ नाहीच. आता दोन्हीवर एफ/२.८ झूम लावा. पहिलीवर सोनीची २४-७० मिमी जीएम टू, ६९५ ग्रॅम: एकूण बाराशे ग्रॅम. दुसरीवर सिग्मा १८-५०: एकूण पावणेआठशे. पाठीमागची बॅग, पाण्याची बाटली आणि ब्रह्मगिरीची चढण धरली तर हा फरक मोठा आहे.

फुलफ्रेम हवाच असेल तर त्याला लहान प्राइम लावून ठेवण्याची शिस्त पाळा. कॅनन आर८ ही ४६१ ग्रॅमची, त्यावर ५० मिमी एफ/१.८ लावली की सगळं मिळून सव्वासहाशेच्या आत. ही जोडी अंधारात फार छान काम देते. झूमचा मोह आवरता आला तरच फुलफ्रेम ‘लहान’ राहतो.

माझ्या अनुभवात दुचाकीवर फिरणाऱ्या आणि चालत हिंडणाऱ्या माणसासाठी ७०० ग्रॅमपर्यंतची जोडी रोज उचलली जाते. किलोच्या पुढे गेली की ‘आज नको’ सुरू होतं.

पाचवी पायरी: हाताची परीक्षा

ही परीक्षा दुकानातच द्यावी लागते, घरी बसून होत नाही. एमजी रोडवर किंवा कॉलेज रोडला जाल तेव्हा शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा आणि सकाळी दुकान उघडल्यावर जा. दुकानदाराला वेळ असतो, तुम्हालाही. जी लेन्स घ्यायची आहे तीच बॉडीवर लावायला सांगा. नुसती बॉडी हातात घेऊन काहीच कळत नाही.

आधी उजव्या हाताने ग्रिप पकडा. करंगळी कुठे जाते बघा. अनेक लहान बॉडींवर ती खाली अधांतरी राहते. कॅमेरा हलका असेल तर चालून जातं, पण जड लेन्स लावली की तासाभरात अंगठ्याच्या मुळाशी ओढ बसते. खाली बसवायची ग्रिप-प्लेट मिळत असेल तर तीही लावून बघा. थोड्या खर्चात पकड खूप सुधारते. दुसरं, बोटांची पेरं लेन्सच्या नळकांड्यावर घासतात का? हात मोठा असेल आणि ग्रिप व लेन्समधली जागा अरुंद असेल तर हे नक्की होतं. तिसरं, अंगठ्याला मागे टेकायला उंचवटा आहे का. हा उंचवटा नसेल तर सगळा भार बोटांच्या टोकांवर येतो.

मग डावा तळवा लेन्सखाली ठेवा, कोपरं अंगाला चिकटवा आणि कॅमेरा डोळ्याला लावून सलग पाच मिनिटं उभे राहा. पाच मिनिटं लांब वाटतात, पण त्यातच पुढचा झोक कळतो. लहान बॉडीवर लांब लेन्स असेल तर नाक खाली ओढलं जातं आणि उजवं मनगट ते सावरत राहतं.

व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) असलेलीच बॉडी घ्या, असा माझा आग्रह आहे. सोनी झेडव्ही-ई१० किंवा फूजीफिल्म एक्स-एम५ यांच्यात तो नाही. व्हिडिओसाठी ते ठीक, पण एप्रिल-मेच्या उन्हात गोदाघाटावर मागच्या स्क्रीनवर फार काही दिसत नाही. शिवाय डोळ्याला टेकवलेला कॅमेरा हात, हात आणि कपाळ असा तीन ठिकाणी टेकतो, त्यामुळे स्थिरही राहतो. या वर्गातल्या बहुतेक व्ह्यूफाइंडरमध्ये २३.६ लाख ठिपकेच असतात. आकड्यात फरक नाही, आकारात आणि डोळ्यापासूनच्या अंतरात असतो. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा, चारही कोपरे दिसतात का ते तपासा. डाव्या डोळ्याने बघणाऱ्यांनी आणखी एक पाहावं: सोनी ए६४००, ए६७०० यांचा व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात आहे. उजवा डोळा लावला तर नाक स्क्रीनबाहेर राहतं आणि सोय होते. डावा डोळा लावला तर चेहरा मागच्या बटणांवर येतो. अशांना मध्यभागी व्ह्यूफाइंडर असलेली बॉडी बरी.

शेवटी डोळे मिटा आणि ॲपर्चर, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करणं) व आयएसओ बदलून बघा. दोन डायल असलेल्या बॉडीवर हे लगेच जमतं. कॅनन आर५० वर एकच डायल आहे, आर१० वर दोन. वजनात फरक पन्नास-पंचावन्न ग्रॅमचा (३७५ आणि ४२९). स्वतः सेटिंग बदलणाऱ्याने ते पन्नास ग्रॅम आनंदाने उचलावेत.

सहावी पायरी: स्थिरीकरण आणि बाकीचे गुण

बॉडीत सेन्सर-स्थिरीकरण असेल तर हात हलल्याने येणारा धूसरपणा कमी होतो. पांडवलेण्यांच्या आतल्या कोरीव कामासाठी, किंवा धबधब्याचं पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून अर्धा सेकंद शटर उघडं ठेवायला याचा चांगला उपयोग होतो. पण समोरचा माणूस हलत असेल तर ते काहीच करू शकत नाही, तिथे फक्त शटर स्पीड कामाला येतो. ए६७००, एक्स-एस२० आणि एक्स-टी५० मध्ये हे आहे. ए६४००, आर५०, आर१०, झेड५०-टू आणि आर८ मध्ये नाही. मुलांचेच फोटो काढणार असाल तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

कीर्तनात किंवा गाभाऱ्याबाहेर आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर सोयीचं असतं. एलईडी दिव्यांखाली त्याने आडवे पट्टे येऊ शकतात आणि वेगाने हलणारी वस्तू तिरकी दिसते. दुकानात त्यांच्याच दिव्याखाली एक फोटो घेऊन बघा.

बॅटरीबाबत एवढं लक्षात ठेवा: ए६७०० आणि एक्स-एस२० यांत मोठी बॅटरी आहे. आर५०, आर१०, आर८ आणि एक्स-टी५० यांत लहान, त्यामुळे दुसरी मूळ कंपनीची बॅटरी बजेटमध्ये धरा.

पावसाचं म्हणाल तर त्र्यंबकच्या पावसात बिनधास्त काढावा असा लहान कॅमेरा दुर्मिळ. मायक्रो फोर थर्ड्समधल्या ओएम-५ ला आयपी५३ हे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचं मानांकन आहे, लेन्सही तशीच सीलबंद लावली तर. इतरांसाठी साधं प्लास्टिकचं आवरण जवळ ठेवा. रंगपंचमीला रहाडीच्या (रंगाच्या पाण्याच्या हौदाच्या) आसपास कुठलाच उघडा कॅमेरा नेऊ नका.

आता पक्षी. नांदूर मधमेश्वरला मनोऱ्यावरून बदकं, चमचे, रोहित दिसतात ते खूप दूर. एपीएस-सीवर निदान ३०० मिमीच्या पुढची लेन्स लागते. सोनीची ७०-३५० मिमी ६२५ ग्रॅम, कॅननची १००-४०० मिमी ६३५ ग्रॅम. इथे मायक्रो फोर थर्ड्सचा लहान सेन्सर उपयोगी पडतो, कारण त्यावर ३०० मिमी लेन्स ६०० मिमीसारखी दिसते. ओएमची ७५-३०० मिमी सव्वाचारशे ग्रॅमच्या आत आहे. अंधाऱ्या पहाटे ती कमी पडेल, ऊन वर आल्यावर नाही. घेण्याआधी एवढं विचारून घ्या की त्या कंपनीची दुरुस्ती कुठे होते.

सातवी पायरी: स्वतःच्या कार्डावर फोटो घेऊन घरी बघा

खिशात आपलं एसडी कार्ड घेऊन जा. दुकानातून समोरच्या इमारतीचा किंवा विटांच्या भिंतीचा फोटो पूर्ण उघड्या ॲपर्चरवर आणि मग एफ/५.६ वर घ्या. चारही कोपरे सारखे स्पष्ट हवेत. एकच बाजू पुसट असेल तर ती विशिष्ट लेन्स सदोष आहे, दुसरी मागा. मग सोबतच्या माणसाचा चेहरा आयएसओ ३२०० आणि ६४०० वर घ्या, रॉ आणि जेपीजी दोन्ही. त्वचेचा रंग कोणाचा आवडतो हे घरी संगणकावरच ठरवा. कॅमेऱ्याच्या लहान स्क्रीनवर सगळंच छान दिसतं.

दोन मॉडेलमध्ये अडकलात तर एक दिवस भाड्याने घ्या. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांना विचारलं की कुठे मिळतो ते कळतं. एखादा रविवार तो घेऊन पंचवटीत हिंडा.

माझी निवड विचाराल तर: पहिलाच कॅमेरा, हात लहान आणि बजेट आखडतं असेल तर कॅनन आर५० आणि सोबत २८ मिमी एफ/२.८, ही १२० ग्रॅमची चपटी लेन्स. पकड सर्वांत महत्त्वाची आणि हात मोठा असेल तर निकॉन झेड५०-टू, ५५० ग्रॅमची असली तरी हातात घट्ट बसते. फोटो, व्हिडिओ, ट्रेक सगळं सारख्या प्रमाणात असेल तर फूजीफिल्म एक्स-एस२० किंवा सोनी ए६७००. फूजीफिल्म एक्स-टी५० दिसायला देखणा आणि चित्रदर्जाला उत्तम, पण ग्रिप उथळ आहे. लहान प्राइमबरोबरच तो शोभतो.

आठवी पायरी: बिल, वॉरंटी आणि जुना माल

जीएसटी बिल घ्या, त्यावर बॉडी आणि लेन्सचे सीरियल नंबर लिहून घ्या आणि भारतातली वॉरंटी आहे हे कंपनीच्या साइटवर नोंदणी करून तपासा. बिलाशिवाय बराच स्वस्त मिळणारा कॅमेरा अनेकदा परदेशातून आलेला असतो आणि दुरुस्तीच्या वेळी अडचण होते.

जुना घ्यायला हरकत नाही, विशेषतः लेन्स. मोबाइलचा टॉर्च मागून मारून लेन्सच्या आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. बॉडीने एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोकस नसलेला फोटो घ्या. ठिपके दिसले तर ती धूळ, साफ होते. ओरखडा मात्र जात नाही. लेन्स माउंटवर हलते का, शटर किती वेळा चाललं आहे, चार्जिंगचं पोर्ट सैल आहे का, हेही बघा. स्थिरीकरण असलेली बॉडी बंद असताना हलवली तर आतून खडखड येते. तो दोष नव्हे.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात व्ह्यूफाइंडरचं डायॉप्टर डोळ्यांनुसार लावा, रॉ सुरू करा, ऑटो आयएसओची वरची मर्यादा ६४०० ठेवा आणि किमान शटर स्पीड १/१२५ करा. अरुंद पट्टा काढून रुंद, अंगावरून तिरका घेता येईल असा पट्टा लावा. जूनपासून कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत कोंडून ठेवू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलसह ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात, पण ती कढई नंतर स्वयंपाकाला घेऊ नका.